अंबाबाईच्या देवळातली ‘आवे मारिया’

कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळाला चार दिशांना चार दरवाजे. पश्चिमेचं महाद्वार सगळ्यांना ठाऊक असतं. उत्तरेचा तो घाटी दरवाजा. जुन्या मराठीत घंटेला घांट म्हणत, त्यावरून हे नाव. इथली मोठी घंटा दिवसातून पाच वेळा वाजते.

याच देवळातल्या एका घंटेची नोंद 1886 च्या कोल्हापूर गॅझेटियरात आहे. तिच्यावर रोमन लिपीत लॅटिन शब्द आहेत: आवे मारिया, ग्रात्सिया प्लेना, दोमिनुस तेकुम. ‘आवे’ म्हणजे नमस्कार, ‘ग्रात्सिया प्लेना’ म्हणजे कृपेनं भरलेली, ‘दोमिनुस तेकुम’ म्हणजे प्रभू तुझ्यासोबत आहे. थोडक्यात, अंबाबाईच्या घरी आणखी एका आईला घातलेला नमस्कार.

हे शब्द लूकच्या शुभवर्तमानातले. देवदूत गाब्रिएल येशूच्या आईकडे, मरियेकडे, येतो आणि तिला असं संबोधतो. मूळ ग्रीक, चौथ्या शतकाच्या अखेरीस संत जेरोमनं केलेल्या लॅटिन भाषांतरातून ते युरोपभर गेले. गंमत म्हणजे देवदूताच्या तोंडी मरियेचं नाव नाही. ते पुढे भाविकांनी जोडलं आणि नमस्काराची प्रार्थना झाली. तिचं आजचं पूर्ण रूप 1568 च्या रोमन प्रार्थनाग्रंथात पक्कं झालं. वसईचे कॅथलिक आज तिला ‘नमो मारिया’ म्हणतात.

पण प्रार्थना घंटेवर का? कारण ती म्हणायची वेळ घंटाच सांगे. संध्याकाळच्या घंटेला मरियेला तीनदा नमन करायची चाल मध्ययुगात पडली, मग सकाळची घंटा आली. 1456 साली तुर्कांनी बेलग्रेडला वेढा घातला, तेव्हा तिसरे पोप कॅलिक्स्टस यांनी दुपारीही घंटा वाजवून प्रार्थना करायचा हुकूम काढला. जी घंटा ऐकून लोक ‘आवे मारिया’ म्हणत, तिच्या अंगावरही तेच शब्द आले. युरोपातल्या जुन्या घंटांवर हा मजकूर पुन्हा पुन्हा दिसतो.

ही अक्षरं छिन्नीनं कोरलेली नसतात. ओतारी आधी मातीची खोटी घंटा घडवायचा, तिच्यावर मेणाची अक्षरं चिकटवायचा आणि वरून मातीचा साचा चढवायचा. भट्टीच्या आचेनं मेण वितळलं की साच्यात अक्षरांच्या खाचा उरत. खोटी घंटा फोडून त्या जागी कांसं ओतलं की अक्षरं घंटेसोबतच उठून येत. म्हणूनच बोट फिरवलं तर ती हाताला लागतात, आणि घासूनही सहजी जात नाहीत.

असल्या घंटा मराठी मुलखात आल्या त्या वसईच्या वाटेनं. मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला आणि पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा देवळांकडे निघाल्या. नाशिकला गोदाकाठच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा प्रसिद्धच आहे. तिच्यावर 1721 हे साल आहे. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या घाटावरच्या घंटेवर तर बाळ येशूला घेतलेली मरिया आहे. लुटीत हाती आलेलं कांसं वितळवून तोफा ओतणं त्या काळी नवलाचं नव्हतं. या घंटा मात्र घंटाच राहिल्या. देवळाला हवा होता तो त्यांचा खणखणीत आवाज.

चर्चच्या जुन्या वस्तूंवर आणखी एक खूण भेटते: आय, एच, एस. गोव्यातल्या बॉम जेझुस बासिलिकेच्या दर्शनी भिंतीवर ती ठळक आहे. लॅटिन जाणणारे तिचा विस्तार ‘येसुस होमिनुम साल्वातोर’, मानवांचा तारक येशू, असा करतात. तो अर्थ मागाहून बसवलेला. मुळात ही येशूच्या ग्रीक नावाची पहिली तीन अक्षरं. त्यातलं मधलं ‘एता’ रोमन एचसारखं दिसतं, एवढंच. ग्रीक विसरलेल्या लोकांनी लॅटिन अर्थ लावला आणि तोच रूढ झाला.

जुन्या देवळात मोठी घंटा दिसली, तर टोल देण्याआधी तिच्या वरच्या कडेकडे एकदा नजर टाका. पायऱ्यांवर उभा क्रूस, एखादं इसवी सन किंवा ‘आवे’ एवढी तीन रोमन अक्षरं दिसली, तर तिचं माहेर कुठलं ते कळेल. मग खुशाल वाजवा. नमस्कार तिच्यावर आधीच लिहिलेला आहे.