लगामाचे तोंडातले टोक

मराठीत आपण ‘लगाम’ हा शब्द फार सढळपणे वापरतो. जिभेला लगाम, खर्चाला लगाम, महागाईला लगाम. या सर्व प्रयोगांच्या मुळाशी एक समजूत आहे : लगाम खेचला की वेग कमी होतो. घोड्यावर बसणाऱ्याचा अनुभव पुष्कळदा याच्या उलट असतो. लगाम जितका ओढावा तितका घोडा अधिक त्वेषाने पुढे झेपावतो. शिकारीच्या मैदानात तर हे फारच प्रकर्षाने जाणवते. एरवी बोटाच्या इशाऱ्यावर वळणारा घोडा शिकारी कुत्र्यांचा गलका कानी पडताच आणि आजूबाजूचे घोडे दौडू लागताच स्वाराला जुमानेनासा होतो. अशा घोड्याच्या तोंडात कोणते लोखंड घालावे? प्रश्न खोगीरवाल्याच्या दुकानातला वाटतो. परंतु त्याच्या इतिहासात सत्ता आणि संवाद यांचा जुना झगडा दडलेला आहे, असे आम्हांला वाटते.

घोड्याच्या जबड्यात दाढांच्या पुढे हिरडीची एक मोकळी पट्टी असते. तेथे हाडावर फार पातळ आवरण असते. या पट्टीवर आणि जिभेवर टेकणारी लगामाची जी धातूची दांडी, तिला जुन्या मराठीत कडियाळे म्हणत. संस्कृतात तिला कविका आणि खलीन अशी नावे आहेत. अमरकोशात दोन्ही सापडतात. त्यांपैकी ‘खलीन’ हा शब्द ग्रीक ‘खालिनोस’वरून आला असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. ‘लगाम’ फारसीतून आला. कठोपनिषदातील प्रसिद्ध रूपकात शरीर रथ, बुद्धी सारथी, मन लगाम आणि इंद्रिये घोडे आहेत. परंतु लगामाचे दुसरे टोक ज्या तोंडात असते, त्या तोंडाला काय वाटते, हा प्रश्न त्या रूपकात उद्भवत नाही. रूपकाला त्याची गरजही नव्हती. प्रत्यक्ष स्वाराला मात्र तो टाळता येत नाही.

ज्या ग्रीकांकडून ‘खलीन’ आला, त्यांच्यातील झेनोफोनने हा प्रश्न इ. स. पू. चौथ्या शतकात मांडला. हा सॉक्रेटिसाचा शिष्य इ. स. पू. ४०१ मध्ये धाकट्या सायरसच्या मोहिमेत होता. पुढे ऑलिंपियाजवळ स्किलूस येथे जमीनजुमला सांभाळत, शिकार करीत त्याने बराच काळ घालवला. अश्वारोहणावरील आपल्या ग्रंथात त्याने दोन प्रकारची कडियाळी सांगितली आहेत : एक गुळगुळीत, दुसरे दातेरी. दोन्ही लवचीक असावीत, असा त्याचा आग्रह आहे, आणि त्याने दिलेले कारण मोठे मार्मिक आहे. ताठ दांडी घोडा दातांत एकसंध पकडून ठेवू शकतो. साखळीसारखी सैल दांडी एका जागी पकडली तरी बाकीची लोंबतच राहते. तिच्याशी खेळण्याच्या नादात घोडा जबडा सैल सोडतो.

तापट घोड्यासाठी झेनोफोनने स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे, आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर तेथेच मिळते. अशा घोड्याला गुळगुळीत कडियाळेच अधिक उपयोगी, असे तो म्हणतो. दातेरी घालावेच लागले तर हाताच्या हळुवारपणाने ते गुळगुळीतासारखे करावे. या घोड्याला एकाएकी इशारे देऊ नयेत, आणि इतर घोड्यांबरोबर शर्यतीला तर मुळीच घालू नये, असेही त्याचे सांगणे आहे. ईर्ष्येने पेटणारे घोडेच सर्वांत बेफाम होतात, हे त्याने ओळखले होते.

अठराव्या शतकातील इंग्लंडने नेमकी हीच ईर्ष्या खेळाच्या केंद्रस्थानी आणली. लेस्टरशरमधील क्वॉर्न या शिकारी कळपाची सूत्रे ह्यूगो मेनेल याच्याकडे १७५३ ते १८०० या काळात होती. त्याने वेगवान कुत्र्यांची पैदास केली आणि कोल्ह्याच्या शिकारीची चालच बदलून टाकली. सामाईक शेतजमिनींना कुंपणे पडत होती, नांगरटीच्या जागी कुरणे येत होती. त्या कुरणांतून भरधाव दौडायचे आणि कुंपणांवरून उड्या घ्यायच्या, तर अरबी रक्ताच्या थरोब्रेड जातीशी संकर केलेले चपळ घोडे हवेत. म्हणजे घोडा जात्याच तापट, सोबतीला पन्नास घोडे, आणि पुढे कुत्र्यांचा गलका. कळपाने पळून जीव वाचवणाऱ्या प्राण्याला याहून मोठे आमिष कोणते असणार?

यावर कारागिरांनी नाना उपाय काढले. साधे स्नॅफल म्हणजे मध्ये जोड असलेली दांडी. तिच्यावर हाताचा ताण जसाच्या तसा पोहोचतो. कर्बमध्ये बाजूच्या लांब भुजा तरफेचे काम करतात आणि हनुवटीखालची साखळी आवळली जाते. त्यामुळे थोडक्या ओढीचा दाब कितीतरी वाढतो. गॅग डोके वर उचलते. दुहेरी लगामात स्नॅफल आणि कर्ब अशी दोन कडियाळी आणि वाद्यांच्या दोन जोड्या असतात. पेल्हममध्ये एकाच दांडीला दोन जोड्या लावून तीच सोय थोडक्यात साधलेली असते.

बेंजामिन लॅचफर्ड हा लंडनचा नामांकित कडियाळेकार. त्याचे ‘द लॉरिनर’ हे पुस्तक १८७१ मध्ये निघाले. आपण घडवतो त्यांतली बहुतेक कडियाळी घोड्यासाठी नसून माणसाच्या डोक्यातील कल्पनांसाठी असतात, अशा आशयाची त्याची तक्रार आहे. माल विकणाऱ्यानेच गिऱ्हाइकाला दिलेली ही ताकीद आम्हांला विशेष मोलाची वाटते. सहा वर्षांनी, १८७७ मध्ये, ॲना स्युएलची ‘ब्लॅक ब्यूटी’ प्रसिद्ध झाली. तिच्या दुसऱ्याच प्रकरणात एका सशापायी एक तरुण स्वार आणि त्याचा घोडा प्राणास मुकतात. पुढे जिंजर ही घोडी टोकदार कडियाळ्याने झालेली आपल्या जिभेची आणि जबड्याची दशा स्वतः सांगते. लगामाचे तोंडातले टोक येथे बोलू लागले. इंग्रजी कादंबरीत ही दिशा नवी होती, आणि शिकारीचे कौतुक करणाऱ्या साहित्याच्या परंपरेत तर अधिकच.

दुसरी बाजूही नीट पाहिली पाहिजे. हाताबाहेर गेलेला घोडा कुत्र्यांना तुडवतो, पुढच्या स्वाराला पाडतो, कुंपणापाशी स्वतः मरतो. शिकारीच्या कादंबऱ्यांसाठी गाजलेले जॉर्ज व्हाइट-मेल्विल १८७८ मध्ये शिकारीच्या मैदानातच घोड्यावरून पडून मरण पावले. अशा ठिकाणी कठोर कडियाळे घेणाऱ्याला सरसकट क्रूर ठरवणे अन्यायाचे होईल. त्याची भीती खरी असते.

परंतु भीतीने निवडलेले कडियाळे भीतीच वाढवते. घोडा वेदनेपासून पळतो. वेदना तोंडात असेल तर ती बरोबर घेऊन पळतो. सतत ताण राहिला की तो त्यावर रेलून चालू लागतो. मग आजचे कठोर कडियाळे उद्या अपुरे पडते आणि स्वार त्याहून कठोर शोधू लागतो. म्हणून जाणते लोक आधी घोड्याचे दात, पाठ आणि खोगीर तपासतात. मग त्याला दोनचार शांत घोड्यांच्या संगतीत थांबायला आणि मागे राहायला शिकवतात. जिभेची जाडी, टाळूची उंची पाहून दांडी बसवतात. एवढे करून कर्ब लागलाच, तर दुसरी वादी क्षणभर घेऊन लगेच सैल सोडतात. घोड्याला समजते ते या सोडण्यातून. ओढून धरलेल्या लगामात त्याच्यासाठी उत्तराला जागाच उरत नाही.

इंग्लंड आणि वेल्समध्ये कुत्र्यांकरवी कोल्ह्याची शिकार करण्यास फेब्रुवारी २००५ पासून कायद्याने बंदी आहे. घोड्याचे तोंड मात्र झेनोफोनच्या काळी होते तसेच आहे. मराठीत ‘लगाम घालणे’ हा प्रयोग चालू राहीलच, आणि राहावा. लगामात वाद्या सैल सोडणारा हातही येतो, एवढे आठवले तरी त्या शब्दाचा अर्थ पुरा होईल.