गाड्याबरोबर नळ्याची यात्रा

शेतकऱ्याने कोणते कणीस बियाण्यासाठी राखले, कोणती कोंबडी अंड्यांवर बसवली, याची नोंद कुणी लिहून ठेवली नाही. ती पिकांच्या आणि जनावरांच्या डीएनएत मात्र राहून गेली. ती वाचण्याची विद्या पन्नासेक वर्षांचीच आहे, आणि तिची सगळी भिस्त निवडलेल्या जनुकापेक्षा त्याच्या शेजाऱ्यांवर आहे.

सुरुवात एका कोड्यातून झाली. १९६६ साली शिकागोत रिचर्ड लेवॉन्टिन आणि जॉन हबी यांनी फळमाश्यांची प्रथिने विजेच्या प्रवाहाखाली जेलमधून सरकवून वेगळी केली. एकाच जातीच्या माश्यांमध्ये कुणाच्या कल्पनेत नव्हते एवढे वैविध्य निघाले. दोनच वर्षांनी जपानमधल्या मिशिमा इथून मोतू किमुरा यांनी मांडले की रेणूंच्या पातळीवरचे बहुतेक बदल ना फायद्याचे असतात ना तोट्याचे. ते निव्वळ योगायोगाने टिकतात किंवा नाहीसे होतात. पुष्कळांनी किमुरांना नैसर्गिक निवडीचे विरोधक ठरवले. मला तर वाटते, निवड ओळखण्याची मोजपट्टी त्यांनीच हातात दिली. निवड झालीच नसती तर किती वैविध्य दिसले असते, हे त्यांच्या गणिताने काढता येऊ लागले, आणि ज्या जागी हिशेब जुळत नाही त्या जागी शंका घेता येऊ लागली.

पण एक हिशेब सगळीकडेच चुकत होता. ज्या जातीची संख्या अफाट, तिचे वैविध्यही अफाट असायला हवे. तसे ते आढळत नव्हते. ससेक्स विद्यापीठात जॉन मेनार्ड स्मिथ यांनी हे कोडे हाती घेतले. युद्धकाळात ते विमानांच्या आराखड्यांवर काम करणारे अभियंते होते, पुढे जे. बी. एस. हॉल्डेन यांच्या हाताखाली जीवशास्त्र शिकले. गणितज्ञ जॉन हेग यांच्यासोबत १९७४ मध्ये त्यांनी जो निबंध लिहिला, तो या विद्येचा मूळपुरुष.

त्यांचे म्हणणे असे. एखादा हितकारक बदल घडतो तो गुणसूत्राच्या एका विशिष्ट तुकड्यावर. पिढ्यान्‌पिढ्या तो बदल पसरत जातो, तेव्हा त्याच्या आजूबाजूची, स्वतः काहीच कामगिरी न केलेली डीएनएची अक्षरेही पसरतात. गाड्याबरोबर नळ्याची यात्रा! अखेर सगळ्यांकडे तोच तुकडा उरतो आणि तिथली बाकीची रूपे पुसली जातात. गुणसूत्रावर वैविध्याचा आलेख काढला, तर त्या जागी खळगा दिसतो.

खळगा किती रुंद, हे दोन गोष्टींवर ठरते. बीजपेशी तयार होताना जोडीतली गुणसूत्रे आपसांत तुकडे बदलतात, त्यामुळे दूरचे शेजारी सुटे होतात. निवड जोरकस असली की या अदलाबदलीला फुरसत मिळत नाही आणि खळगा रुंदावतो. म्हणून गुणसूत्रावरचे अंतर अदलाबदलीच्या मापाने मोजावे लागते. हॉल्डेन यांनी १९१९ साली त्याचे सूत्र दिले होते. त्यात एका ठिकाणची अदलाबदल शेजारच्या अदलाबदलीला अडवत नाही, असे धरले होते. प्रत्यक्षात ती अडवते. ही अडवणूक जमेस धरणारे सूत्र १९४४ मध्ये एका चार पानी निबंधात आले. ते लिहिणारे दामोदर धर्मानंद कोसंबी तेव्हा पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होते. आपण कोसंबींना इतिहासकार म्हणून मानतो ते योग्यच. पण पिकांच्या जनुकनकाशांवर आजही त्यांच्या नावाचे माप असते, हेही मराठी वाचकाला ठाऊक असायला हवे.

मेनार्ड स्मिथ यांचा निबंध आला तेव्हा खळगे शोधायला डीएनएची अक्षरे मात्र हाती नव्हती. १९८३ मध्ये मार्टिन क्रायटमन यांनी फळमाशीच्या एका जनुकाच्या अकरा प्रती अक्षर न्‌ अक्षर वाचल्या, तेव्हा दार उघडले. १९८९ मध्ये फुमिओ ताजिमा यांनी वैविध्य दोन रीतींनी मोजून त्यांतली तफावत पाहण्याची कसोटी दिली. त्या कसोटीत एक धोका आहे: एखाद्या जातीची संख्या झपाट्याने वाढली, तरी निवडीमुळे दिसते तशीच तफावत दिसते. म्हणून एका जनुकाकडे पाहून निकाल देऊ नये. इतर जनुकांशी ताडून पाहावे.

या ताडून पाहण्याचे सर्वात सुंदर उदाहरण मक्याचे. त्याचा पूर्वज टिओसिंट हे मेक्सिकोतले रानगवत. त्याला भरपूर फुटवे, आणि टणक कवचातले मोजके दाणे. मक्याला एकच ताट. हे दोन्ही मुळात एकच, असे जॉर्ज बीडल यांनी १९३९ मध्ये ठासून सांगितले. निवृत्तीनंतर त्यांनी दोन्हींच्या संकराच्या दुसऱ्या पिढीची सुमारे पन्नास हजार झाडे वाढवली. साधारण पाचशेत एक झाड हुबेहूब पूर्वजासारखे निघाले. त्यावरून मोठा फरक चार-पाच जनुकांचाच असावा, असा अंदाज त्यांनी बांधला. त्यांतले फुटवे रोखणारे जनुक जॉन डोबली यांच्या गटाने शोधले आणि १९९९ मध्ये त्याचे वैविध्य मोजले. जनुकाच्या मुख्य भागात टिओसिंटच्या ३९ टक्के वैविध्य मक्यात शिल्लक होते, म्हणजे इतर सामान्य जनुकांइतकेच. जनुकाच्या अलीकडे, ते कधी आणि किती चालू व्हायचे हे ठरवणाऱ्या भागात उरले होते फक्त ३ टक्के. प्रथिन तेच राहिले. शेतकऱ्याने निवडला तो त्याचा नियंत्रक. २०११ मध्ये आणखी मागे, सुमारे साठ हजार अक्षरांवर, जागा बदलणारा एक डीएनएचा तुकडा घुसलेला सापडला. तो शेती सुरू होण्याच्या किमान दहा हजार वर्षे आधीपासून रानात होता. मेक्सिकोच्या त्या अनाम शेतकऱ्यांनी तो नेमका हेरला.

खळगा दिसला म्हणजे काळ कळला, असे मात्र नाही. २०१० मध्ये उप्सालाच्या लेफ अँडरसन यांच्या गटाला जगभरच्या पाळीव कोंबड्यांत थायरॉइडशी संबंधित एका जनुकापाशी मोठा खळगा सापडला. साहजिकच तो कोंबडी माणसाळली त्या काळचा मानला गेला. पुढे युरोपातल्या उत्खननांत मिळालेल्या कोंबड्यांच्या हाडांतून डीएनए काढला, तर जुन्या कोंबड्यांत रानटी रूप सर्रास निघाले. २०१७ च्या अभ्यासाने त्या निवडीचा आरंभ इसवी सनाच्या दहाव्या शतकाच्या आसपास नेला. तो काळ युरोपात कोंबडीपालन वाढण्याचा होता. ख्रिस्ती उपवासांत चौपायांचे मांस वर्ज्य होते, कोंबडी आणि अंडी चालत, हेही त्याचे एक कारण असावे, असे त्या संशोधकांनी सुचवले आहे.