लीलावती या नावाचा अर्थ

मुलीचे नाव लीलावती ठेवणारे घर आज विरळा. नव्या आईबापांना ते जुनाट वाटते. परंतु या नावाशी आपल्या खानदेशाचा जुना ऋणानुबंध आहे.

संस्कृतात ‘लीला’ म्हणजे खेळ, सहज डौल. महानुभावांनी चक्रधरांच्या आठवणींना लीळा म्हटले. घरात मात्र खोडकर पोराच्या लीला सांगितल्या जातात. महाराष्ट्री प्राकृतातील ‘लीलावई’ काव्यात हे सिंहलच्या राजकन्येचे नाव आहे. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ते आपल्या अंकगणिताला दिले.

१५८७ साली अकबराच्या आज्ञेने फैजीने तो ग्रंथ फारसीत नेला आणि प्रस्तावनेत एक कथा घातली. आचार्यांच्या मुलीच्या लग्नाच्या वेळी घटिकापात्रात मोती पडला, छिद्र बुजले, मुहूर्त टळला. तिच्या सांत्वनासाठी बापाने ग्रंथाला तिचे नाव दिले. ही कथा पुढे इंग्रजीत गेली आणि लीलावती म्हणजे अभागी कन्या, असा अर्थ रूढ झाला.

मूळ ग्रंथात ही कथा नाही. तेथे ‘बाले’ म्हणून मुलीला प्रश्न घातले आहेत, तसेच मित्रालाही. प्रश्न कशाचे? व्याजाचे, धान्याच्या राशीचे, करवतीने लाकूड चिरण्याचे. म्हणजे रोजच्या व्यवहाराचे.

आचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला. त्याचा शके ११२८ चा शिलालेख आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणचा. त्यात पुत्र लक्ष्मीधर आहे, नातू आहे, मुलगी नाही. पण वंशावळीत लेकींची नावे कोरण्याची चालच नव्हती. तेव्हा ती होती की नव्हती, याचा निकाल दगड देत नाही.

दगड दुसरेच काही सांगतो. त्याच्या मराठी भागात मठाला दर घाण्यामागे पळीभर तेल दिल्याची नोंद आहे. तेल्याच्या कष्टावर हे गणित पोसले गेले. मग त्या तेल्याच्या लेकीचा त्यावर हक्क नाही काय? जिला हजेरी आणि पगारपत्रक वाचता येत नाही, ती बाई मुकादम देईल ते घेऊन घरी जाते.

म्हणून लीलावती म्हणजे जिचे लग्न मोडले ती नव्हे. जिला हिशेब विचारला जातो आणि जी उत्तर देते, ती. नाव ठेवा अगर ठेवू नका, मुलीला गणित मात्र शिकवा.