वर्ध्याची बाराखडी आणि तांबडी रेघ

दिवाळीच्या आधी घरोघर जी साफसफाई निघते तिच्यात माळ्यावरची एखादी पत्र्याची ट्रंक हटकून खाली येते. वर्ध्याकडच्या घरांतली अशी ट्रंक उघडली, तर तिच्यात खादीची जीर्ण टोपी, चरख्याचे गंजलेले चाते आणि तळाशी राष्ट्रभाषेच्या परीक्षांची पिवळी पडलेली हिंदी पुस्तके सापडण्याचा संभव बराच. असे एखादे पुस्तक हाती घेऊन घरातली शाळकरी नात वाचू लागते आणि दुसऱ्याच ओळीला अडखळते. ‘इस’च्या जागी ‘अिस’, ‘उस’च्या जागी ‘अुस’, ‘एक’च्या जागी ‘अेक’! “आजोबा, तुमच्या वेळच्या छापखान्यात कुणाला शुद्ध लिहिताच येत नव्हतं का?” असा तिचा साहजिक प्रश्न असतो. तीच ओळ तिने संगणकावर उतरवून काढली, तर तिचा संशय पक्काच होईल, कारण यंत्र अशा बहुतेक शब्दांखाली तांबडी रेघ ओढील.

नातीचे चुकत नाही आणि यंत्राचेही चुकत नाही. पण त्या पुस्तकाचेही चुकलेले नाही! ते शब्द ज्यांनी तसे छापवले ती माणसे अडाणी तर नव्हतीच, उलट आपल्या काळातल्या मोठ्या विद्वानांत त्यांची गणना होती. तेव्हा शुद्ध कोणते आणि अशुद्ध कोणते हे ठरवते कोण, आणि एकदा ठरलेले बदलते कसे, हा प्रश्न उरतोच. त्याच्या उत्तरातला एक मोठा अध्याय वर्ध्यात घडला आहे.

१९३४ साली जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून महात्माजी वर्ध्याला राहावयास आले. त्यानंतरच्या वर्षी इंदूरला हिंदी साहित्य संमेलन भरले, त्याचे अध्यक्षपद गांधीजींकडे होते. तेथे नागरी लिपीच्या सुधारणेसाठी एक समिती नेमण्यात आली आणि तिची धुरा काका कालेलकरांकडे आली. पुढच्या वर्षी, १९३६ मध्ये, वर्ध्यात राष्ट्रभाषा प्रचार समिती स्थापन झाली. दक्षिणेत, बंगालात, आसामात ज्यांनी नागरीचे एक अक्षरही कधी गिरवलेले नाही अशा लाखो लोकांना ती लिपी शिकवावयाची, हे त्या काळच्या कार्यकर्त्यांपुढचे रोजचे काम होते. अशा वेळी लिपी जितकी सोपी तितके काम हलके, हे सांगावयास पंडित कशाला हवा!

कालेलकरांचा युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे. आपण ‘आ’ लिहितो तो ‘अ’ला काना देऊन. ‘ओ’ आणि ‘औ’ हेही ‘अ’वरच उभे आहेत. मग बिचाऱ्या इ, ई, उ, ऊ, ए, ऐ यांनाच निराळी घरे कशाला? त्यांनाही ‘अ’च्याच अंगणात आणून ‘अि, अी, अु, अू, अे, अै’ असे लिहावे. शिकणाराला सहा आकृत्या कमी, छापखान्यात तितके खिळे कमी! कालेलकर जन्माने सातारचे असले तरी त्यांची लेखणी गुजरातीत रमलेली, आणि गुजरातीत ‘ए’ व ‘ऐ’ पूर्वीपासून ‘अ’वरच मात्रा देऊन लिहितात. जे शेजारणीला जमले ते आपल्याला का जमू नये, असा हा सरळ हिशेब होता.

गंमत अशी की, एरवी ज्यांचे कशावरही एकमत होणे कठीण, त्यांचे या बाराखडीवर एकमत होते. रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत असलेल्या स्वातंत्र्यवीर सावरकरांनी लिपिशुद्धीच्या चळवळीत हीच अ-ची बाराखडी पुरस्कारली होती. किर्लोस्करवाडीहून निघणाऱ्या मासिकांनी ती वर्षानुवर्षे वापरली, आणि अहमदाबादच्या नवजीवनच्या हिंदी पुस्तकांनी तर ती घरोघर पोहोचवली. इतके थोर पाठीराखे क्वचितच एखाद्या अक्षराला मिळाले असतील.

तरीही ती रुजली नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास उत्तर प्रदेशात नेमलेल्या आचार्य नरेंद्र देव समितीने ती स्वीकारली नाही. १९५३ साली लखनौला लिपिसुधारणेची मोठी परिषद झाली, तिने दुसरीच एक सुधारणा उचलली. व्यंजनाच्या डाव्या अंगाला येणारी ऱ्हस्व वेलांटी उजवीकडे न्यावी आणि दीर्घापासून तिचा भेद कळावा म्हणून तिचा दांडा आखूड ठेवावा, असे ठरले. कागदावर हे सोयीचे दिसले. पण घाईत लिहिताना दांडा आखूड की लांब हे कुणाला कळणार? ‘दिन’चा ‘दीन’ होण्यास कितीसा उशीर! चारपाच वर्षांतच तो निर्णय मागे घ्यावा लागला आणि वेलांटी पुन्हा आपल्या जुन्या जागी येऊन बसली.

पवनारच्या आश्रमातून विनोबांनीही लोकनागरीचे वळण सुचवले होते. म्हणजे वर्ध्याच्या पाचदहा मैलांच्या परिसरात नागरीला नवे कपडे शिवण्याचे काम पिढीभर चालले होते! कपडे चांगले होते, पण ते अंगाला बसतात का, हे ज्याने घालावयाचे त्याला कुणी फारसे विचारले नाही. वाचणारा माणूस शब्द अक्षर अक्षर लावून वाचत नाही, शब्दाचा चेहरा ओळखतो. ओळखीचा चेहरा एकाएकी बदलला म्हणजे त्याला तर्कशुद्धतेचे समाधान होत नाही, चुकल्यासारखेच वाटते.

याच्या शेजारी मराठी शुद्धलेखनाची कथा ठेवून पाहावी. मराठी माणूस तेव्हा एका राज्यात नव्हता. आमचे वर्धे १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात, मराठवाडा हैदराबादेत आणि उरलेला मुलूख मुंबई राज्यात. १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि पुढच्याच वर्षी पुणे, मुंबई, नागपूर व मराठवाडा येथील साहित्यसंस्थांनी मिळून मराठी साहित्य महामंडळ स्थापन केले. १९२३ पासून काम करणारा विदर्भ साहित्य संघ त्यांत होता. महामंडळाने लेखनाचे चौदा नियम तयार केले आणि १९६२ साली शासनाने ते मान्य केले. ‘नांव’, ‘कांहीं’, ‘घरीं’ यांच्या डोक्यावरचे न उच्चारले जाणारे अनुस्वार त्या दिवसापासून उतरले. पूर्वी ज्या अनुस्वाराच्या अभावी मास्तरांनी छडी उगारली असती, तोच आता दिल्यास चूक!

हा बदल लहान नव्हता. पण तो टिकला. चार प्रदेशांच्या संस्था त्यात होत्या, शासनाची संमती होती, शाळेची पुस्तके त्याप्रमाणे छापली गेली आणि बोलणाराच्या तोंडात जे नव्हतेच तेवढेच काढून टाकले गेले. आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. नियम ठरल्यावर दर वर्षी कुणी त्यांना हात लावीत बसले नाही. १९७२ मध्ये, म्हणजे तब्बल दहा वर्षांनी, त्यांत चार नियमांची भर पडून ते अठरा झाले. त्या दहा वर्षांत एक पिढी एकाच तऱ्हेने लिहावयास शिकली.

आता नातीच्या संगणकाकडे वळू. फिनलंडमधल्या लिनुस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्स या प्रणालीचा गाभा लिहून जगापुढे ठेवला. कुणीही पाहावा, सुधारावा, वाटावा! त्याच्याभोवती हजारो उपयोगी साधने जमवून जे संच तयार झाले त्यांपैकी १९९३ पासूनचा डेबियन हा एक जुना आणि काटेकोर संच. शब्द तपासणारी साधनेही त्यात आली. त्यांपैकी हन्स्पेल हे मुळात हंगेरियन भाषेसाठी लास्लो नेमेत याने रचले. हंगेरियनही आपल्या मराठीसारखीच शब्दाला शेपट्या जोडणारी भाषा! म्हणून या साधनाजवळ दोन वह्या असतात. एकीत मूळ शब्द आणि दुसरीत त्यांना कोणते प्रत्यय कसे लागतात याचे नियम.

मराठीसाठी ही दुसरी वही भरणे म्हणजे मोठे अवघड काम. ‘सून’चे ‘सुनेला’ होते, ‘गरीब’चे ‘गरिबाला’ होते, पण ‘दूत’चे मात्र ‘दूताला’च राहते, कारण तो संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द. माणसाला हे शाळेत शिकवता येते, यंत्राला प्रत्येक शब्दाची जात सांगावी लागते. शिवाय शब्द आणावयाचे कोठून? आजच्या कोशातून उचलले तर कोशकाराच्या हक्काचा प्रश्न येतो. १८५७ च्या मोल्सवर्थच्या कोशाला तो अडसर नाही, पण त्यात ‘संगणक’ कुठून सापडणार! हे सारे सांभाळून काही मराठी मंडळींनी सूची तयार केल्या आणि त्या डेबियन, फेडोरा यांसारख्या संचांत गेल्यादेखील.

पण सूची तयार झाली म्हणजे ती लगेच सर्वांच्या घरी जाते असे नाही. डेबियनमध्ये नवे साधन प्रथम ‘अस्थिर’ नावाच्या दालनात ठेवतात. तेथे काही दिवस गंभीर दोष न आढळला तर ते ‘चाचणी’च्या दालनात जाते. अनारशाचे पीठ मुरू द्यावे तसा हा प्रकार. मग सुमारे दोन वर्षांनी एक वेळ अशी येते की, सगळे दालन गोठवतात, नवे काही घेत नाहीत, फक्त दोष काढतात आणि अखेर ‘स्थिर’ आवृत्ती बाहेर पडते. त्यानंतर तिच्यात काही बदलावयाचे तर नेमक्या कोणत्या ओळी बदलल्या, कशासाठी, आणि त्याने दुसरे काही बिघडणार नाही ना, हे सांगून आवृत्ती सांभाळणाऱ्यांची संमती घ्यावी लागते. साधन मुळातच मोडलेले असेल तर ती मिळते. “आणखी पाचशे चांगले शब्द सापडले” एवढ्यावर ती सहसा मिळत नाही. ते शब्द पुढच्या आवृत्तीसाठी थांबतात.

प्रथम हे ऐकून राग येतो. चांगल्या शब्दांना दोन वर्षे दाराबाहेर का उभे करावे? पण अ-च्या बाराखडीची, लखनौच्या वेलांटीची आणि १९६२ च्या नियमांची हकीकत आठवली म्हणजे तो राग निवळतो. पहिली चाचणीच्या दालनातच राहिली. दुसरी पुरती न मुरताच बाहेर काढली आणि परत घ्यावी लागली. तिसरी सर्वांना विचारून ठरली आणि दहा वर्षे जागची हलली नाही. डेबियनच्या मंडळींनी हा इतिहास वाचला असण्याचे कारण नाही, पण अनुभवाने ती त्याच शहाणपणाला येऊन पोहोचली आहेत.

आणखी एक गंमत. संगणकासाठी नागरी अक्षरांना जे क्रमांक दिले गेले, त्यांत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या नंतरच साठवली जाते आणि पडद्यावर मात्र डावीकडे दिसते. लखनौला जे भांडण तुटले नाही, ते यंत्राने पोटात एक आणि ओठावर एक ठेवून मिटवले!

मात्र या स्थैर्यात एक धोका आहे आणि तो आपल्या घरापर्यंत येतो. हिंगणघाट-पुलगावकडचा शेतकरी शेताला ‘वावर’ म्हणतो आणि कपाशीच्या झाडाला ‘पऱ्हाटी’. ज्या वर्ध्याने १९६९ मध्ये पु. शि. रेगे यांच्या आणि २०२३ मध्ये न्या. नरेंद्र चपळगावकर यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरवले, त्या वर्ध्यातल्या मुलीने ‘पऱ्हाटी’ असे लिहावे आणि सूचीत तो शब्द नसल्यामुळे त्याखाली तांबडी रेघ उमटावी! त्यातून शब्द असला तरी निर्धास्त राहावे असे नाही. हा डोळ्याच्या पापणीसारखा ‘ऱ्’ संगणकात दोन तऱ्हांनी साठवता येतो. दोन्ही दिसावयास सारखेच, पण यंत्राच्या लेखी ते दोन निराळे शब्द. एक पास, दुसरा नापास. मुलीला हे कसे कळावे? ती एवढेच समजेल की, आजीचा शब्द चुकीचा आहे, आणि तो खोडून दुसरा लिहील. असा शब्द दहा मुलांनी खोडला की, अकरावे मूल तो शिकतच नाही.

म्हणून तांबडी रेघ दिसली की ती निकाल समजू नये. “हा शब्द माझ्या वहीत नाही” एवढेच ते यंत्र सांगत असते. पूर्वीच्या नियमांत आपला शब्द घालावयाचा तर पुण्या-नागपूरच्या बैठकीत बसण्याचा मान असावा लागे. या वहीचे तसे नाही. ती उघडी आहे आणि सूची सांभाळणाऱ्यांकडे नीट अर्थासह, प्रत्ययांसह शब्द पाठवला तर पुढच्या आवृत्तीत त्याला जागा मिळू शकते. घाई मात्र चालणार नाही.

तेव्हा नातीने ते पिवळे पुस्तक ट्रंकेत परत ठेवण्यापूर्वी आजोबांनी तिला अ-ची बाराखडी एकदा मोठ्याने वाचून दाखवावी आणि ती का राहिली नाही तेही सांगावे. मग फराळाची ताटे होईपर्यंत दोघांनी आजीजवळ बसून वावरातले, गोठ्यातले, चुलीपाशीचे जितके शब्द आठवतील तितके एका कागदावर उतरवून काढावेत. ‘पऱ्हाटी’ पहिल्या ओळीत असावी.