मेलबर्नची हॅट्‌ट्रिक

आमच्या नालासोपाऱ्यात हल्ली गल्लीगल्लीत मेस्सीचा निळा-पांढरा शर्ट दिसतो. छान आहे. पण इथून लोकलने चर्चगेटला उतरून चालत गेलं की कूपरेजचं मैदान लागतं, आणि तिथे खेळून मोठा झालेला नेव्हिल डिसूझा या पोरांना ठाऊक नाही. पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं, पण एकाही विद्यार्थ्याच्या तोंडून हे नाव ऐकलं नाही. म्हणून हे टिपण.

नेव्हिलचा जन्म १९३२ चा, बारदेशातल्या आसगावचा. गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडे. तो खेळला मात्र मुंबईत, टाटा आणि कॅल्टेक्स या कंपन्यांच्या संघांतून. त्या काळी खेळाडूला पोटासाठी कंपनीची नोकरी हाच आधार असे.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असं धुतलं होतं. आपले बरेचसे खेळाडू अनवाणी! चार वर्षांनी मेलबर्नला सय्यद अब्दुल रहीम यांनी तयार केलेला संघ बूट घालून उतरला. हंगेरीने माघार घेतल्यामुळे पहिली फेरी न खेळताच पार पडली (नशीबही लागतंच की). मग १ डिसेंबर १९५६, समोर यजमान ऑस्ट्रेलिया. नवव्या मिनिटाला नेव्हिलचा गोल, तेहतिसाव्याला दुसरा, पन्नासाव्याला तिसरा. चौथा किट्टूचा. आपण ४-२ जिंकलो. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्‌ट्रिक करणारा नेव्हिल हा पहिला आशियाई.

उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हिया, आणि पहिला गोल नेव्हिलचा! दोन-तीन मिनिटं तरी आपण पुढे होतो. शेवटी १-४ हरलो, मग बल्गेरियाकडूनही ०-३. चौथा क्रमांक. त्याहून वर आपण आजतागायत गेलेलो नाही. नेव्हिलचे गोल चार, स्पर्धेत सर्वाधिक, आणखी दोघांच्या बरोबरीने.

मेस्सीच्याच अर्जेंटिनाचा एक जुना खेळाडू आठवतो, गिलेर्मो स्ताबिले. १९३० च्या पहिल्या विश्वचषकात पदार्पणातच हॅट्‌ट्रिक, चार सामन्यांत आठ गोल. मग तो इटलीत जेनोआकडे गेला आणि देशासाठी पुन्हा कधी खेळला नाही. पण त्याचं नाव विश्वचषकाच्या प्रत्येक इतिहासात येतं. आपल्याकडे १९६० च्या रोमच्या संघात नेव्हिल नव्हता. १९६१ पासून अर्जुन पुरस्कार सुरू झाले, त्या यादीतही तो नाही. मला हे खटकतं. १९८० साली तो गेला, वय अवघं सत्तेचाळीस.

२०२४ साली 'मैदान' चित्रपट आला, पण ती गोष्ट रहीमसाहेबांची. कुणाच्या आजोबांनी, काकांनी कूपरेजला नेव्हिलचा खेळ पाहिला असेल तर त्यांना बोलतं करा आणि मला जरूर कळवा. ती माणसं आता ऐंशीच्या पुढची आहेत.