छत्तीसगढीतील आद्य लेखन

भिलाई–दुर्ग परिसरासह छत्तीसगढच्या मैदानी भागात बोलल्या जाणाऱ्या छत्तीसगढी भाषेतील सर्वांत जुने लेखन. ही भाषा पूर्व हिंदी गटातील असून अवधी व बघेली तिच्या जवळच्या भाषा होत.

छत्तीसगढीचा आद्य लेख म्हणून सामान्यतः दंतेवाडा येथील दंतेश्वरी मंदिरातील १७०३ चा शिलालेख (संवत् १७६०) मानला जातो. बस्तरचा राजा दिक्पालदेव याच्या देवीयात्रेचे वर्णन त्यात आहे. लेखक राजगुरू भगवान मिश्र हे मैथिल पंडित होते. एका शिळेवर संस्कृत, तर दुसरीवर लोकभाषेतील मजकूर आहे. संस्कृत वाचणारे थोडेच असतील, म्हणून दुसरी शिळा कोरल्याचे कारणही लेखातच दिले आहे. लोकभाषेच्या लेखनामागील हेतू असा स्पष्ट सांगणारा हा पुरावा म्हणूनच अमोल आहे. त्याच्या भाषेत शेजारच्या बोलींचीही छटा दिसते.

पुढे हीरालाल काव्योपाध्याय यांनी १८८५ मध्ये छत्तीसगढीचे व्याकरण सिद्ध केले. जॉर्ज ग्रीअर्सन यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद १८९० मध्ये प्रसिद्ध झाला. २००७ मध्ये छत्तीसगढीला राजभाषेचा दर्जा मिळाला.

आद्य लेखन परभाषिक विद्वानांच्या हातून होणे अन्यत्रही आढळते. लाटव्हियन भाषेतील उपलब्ध सर्वांत जुने मुद्रित पुस्तक म्हणजे व्हिल्नियस येथे १५८५ मध्ये छापलेली कॅथलिक धर्मप्रश्नोत्तरी. त्या भाषेचे सुरुवातीचे लेखनही प्रामुख्याने जर्मन धर्मोपदेशकांनी केले.