एका बाहूवरचे चाक

हौसेने घडवलेल्या मोटरसायकलींमध्ये सध्या एका गोष्टीचे मोठे आकर्षण आहे. मागचे चाक एका बाजूने संपूर्ण उघडे दिसले पाहिजे, मध्ये ना लोखंडी दांडा, ना एक्सलचे टोक. त्यासाठी एखाद्या जुन्या डुकाटीचा किंवा होंडाचा एकभुजी स्विंगआर्म, म्हणजे मागचे चाक एकाच बाजूने धरणारा बाहू, मिळवला जातो आणि भलत्याच फ्रेममध्ये बसवला जातो. आज ही हौस देखणेपणाची आहे. पण या भागाचा माग काढत आपण मागे गेलो, तर मुळाशी देखणेपणा सापडत नाही. मुळाशी आहे ती पंक्चरची कटकट.

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा इटलीतल्या पियाज्जिओ कंपनीला विमानांऐवजी स्वस्त वाहन बनवायचे होते. काम आले कोर्रादिनो दास्कानिओ यांच्याकडे. ते विमान आणि हेलिकॉप्टरचे अभियंते, मोटरसायकलविषयी त्यांना मुळीच प्रेम नव्हते. चेनचे तेल कपड्यांना लागते आणि पंक्चर झाले की चाक काढणे ही शिक्षा असते, अशी त्यांची तक्रार होती. विमानाचे चाक एका पायावर उभे राहू शकते हे त्यांना ठाऊक होतेच. 1946 च्या व्हेस्पा स्कूटरमध्ये त्यांनी दोन्ही चाके एकाच बाजूने धरली. मागे तर इंजिनाचे आवरण हाच बाहू झाला. इंजिन आणि चाक मिळून एका खिळीवर वरखाली झुलू लागले. हीच रचना परवान्याने पुण्यात आकुर्डीला आली आणि 1972 पासून बजाज चेतक या नावाने घराघरांत पोहोचली. रस्त्याच्या कडेला चेतक कलंडवून, नट सोडून, स्टेपनी चढवणाऱ्या कितीतरी मराठी माणसांनी एकभुजी रचनेचा खरा फायदा नाव न घेता अनुभवला आहे.

स्कूटरवरून मोटरसायकलवर येताना आपल्याला जर्मनीतल्या इमेनश्टाट या लहानशा गावी थांबावे लागते, आणि इथे थोडे रेंगाळणे भाग आहे, कारण हा पूर्वज अन्यायाने विसरला गेला. नॉर्बर्ट रीडल यांनी युद्धकाळात जेट इंजिन सुरू करणारी छोटी टू-स्ट्रोक मोटर घडवली होती. युद्धानंतर कच्च्या मालाच्या टंचाईत त्यांनी इमे आर 100 ही मोटरसायकल काढली: 99 सीसी, साडेचार अश्वशक्ती. तिचा मागचा बाहू म्हणजे एकच जाड नळी, आणि त्याच नळीतून इंजिनाचा धूर बाहेर जाई. एका नळीने सायलेन्सरचेही काम केले आणि चाकही धरले! इंजिन चाकासोबतच झुलत असल्याने खड्ड्यात चेन सैल होण्याचा प्रश्नच उरला नाही. पुढचे चाकही एकाच बाजूने धरलेले. काटकसरीतून इतकी नितळ रचना क्वचितच जन्मते. कंपनी मात्र फार काळ तग धरू शकली नाही, 1951 च्या सुमारास ती बुडाली, आणि मोटरसायकलींचे कारखाने पुन्हा दुहेरी चिमट्याकडे वळले.

मधली जवळजवळ तीस वर्षे आपण भरभर ओलांडू. 1980 मध्ये बीएमडब्ल्यूने आर 80 जी/एस आणली. तिच्यात चाक फिरवणारा शाफ्ट ज्या पोकळ बाहूतून जातो, तोच बाहू चाकही पेलतो. चाकाचे बोल्ट मोटारीच्या चाकासारखे सुटत. पुढच्याच वर्षी याच जातीच्या गाडीवर उबेर ओरिओल यांनी पॅरिस-डाकार शर्यत जिंकली आणि एका बाहूच्या ताकदीविषयीची शंका बरीचशी मिटली.

त्याच काळात फ्रान्समध्ये शर्यतीच्या मोटारींचे अभियंते आंद्रे द कोर्तांझ तेलकंपनी एल्फच्या पैशावर विलक्षण मोटरसायकली बनवत होते. पहिली 1978 ची. चोवीस तासांच्या शर्यतीत टायर अनेकदा बदलावे लागतात. चेन, स्प्रॉकेट आणि ब्रेक जागच्या जागी ठेवून फक्त चाक बाहेर काढता आले, तर वाचलेले सेकंद क्रमांक ठरवतात. पुढे एल्फने होंडाची इंजिने वापरली, त्यामुळे कल्पनाही होंडाकडे गेली. 1987 ची व्हीएफआर 750 आर, म्हणजे आरसी 30, ही तिची थेट वारस. पुढच्या वर्षी फ्रेड मर्केल यांनी तिच्यावर पहिले वर्ल्ड सुपरबाइक विजेतेपद मिळवले.

माझ्या मते खरे वळण आले ते 1993 च्या अखेरीस मिलानमध्ये. मासिमो तांबुरिनी यांनी डुकाटी 916 चे सायलेन्सर सीटखाली नेले आणि उजवीकडून चाक उघडे केले. गरजेतून आलेला भाग इथे शोभेचा झाला, आणि ग्राहकांच्या मनात इतका रुजला की पुढच्या 999 ने दुहेरी बाहू घेताच चाहते नाराज झाले. 2007 च्या 1098 ने एकच बाहू परत आणला. 2024 मध्ये जाहीर झालेल्या नव्या पानिगाले व्ही 4 ने मात्र तो पुन्हा सोडला. कारण यांत्रिक आहे. वळणावर गाडी खोल झुकली की शॉक अब्सॉर्बर नीट काम करत नाही. तेव्हा बाहूनेच आडव्या दिशेला थोडे लवायचे असते. एकटा बाहू पिळवटू नये म्हणून जाड आणि ताठ करावा लागतो, तिथे हे लवणे साधत नाही.

म्हणून आज जो कारागीर असा बाहू जुन्या फ्रेमला लावतो, तो वजन आणि ताठरपणाही सोबत घेतो. त्याचे काम खिळीपासून सुरू होते: फ्रेममधले अंतर आणि खिळीची जाडी जुळवायला लेथवर नवे बुश करावे लागतात. मग चाकाचा मध्य आणि हँडलच्या दांड्याचा मध्य एका रेषेत आणायचा. टायर रुंद असेल तर पुढचे स्प्रॉकेट बाहेर सरकवायचे. दोन शॉकच्या जुन्या फ्रेममध्ये मधल्या एकाच शॉकचा भार घ्यायला जागा नसते, तिथे आडवी नळी आणि त्रिकोणी पट्ट्या जोडाव्या लागतात. बाहू ओतीव अॅल्युमिनियमचा असेल तर त्यावर वेल्डिंग करून शॉकचा कान बसवणे धोक्याचे, कारण उष्णतेने धातूची कमावलेली ताकद जाते. ब्रॅकेट बोल्टने धरावे, किंवा जोडणीचा सारा बदल फ्रेमकडे ठेवावा.

शेवटी चेन. चाकाचा हब बाहूच्या टोकाला एका गोल घरात बसतो, पण एक्सल त्या गोलाच्या मध्यावर नसतो. आवळणारे बोल्ट सैल करायचे, हुकाच्या पान्याने हब थोडा फिरवायचा, की एक्सल मागे सरकतो आणि चेन ताणली जाते. दुहेरी चिमट्यात दोन बाजू कमीजास्त ओढल्या जाऊन चाक तिरके होते, तसे इथे होत नाही. मात्र एक्सल कमानीत सरकत असल्याने गाडीच्या मागच्या बाजूची उंचीही थोडी बदलते. त्यामुळे शॉकची लांबी ठरवायची ती चेन नीट ताणून झाल्यावर, आधी नाही.